अनुदानित एकांत

मुलाला एकटं सोडणं हे अत्यंत खर्चाचं काम आहे. घरात सोडलं तर काही लागत नाही. हातात मोबाईल आणि पुढ्यात बिस्किटांचा पुडा दिला की पालक मोकळे. पण निसर्गात एकटं सोडायचं म्हणजे सरकारी तिजोरीत हात घालावाच लागतो. आमच्या शिक्षण खात्याने तो घातला, आणि चांगला कोपरापर्यंत घातला, हे मी अभिमानाने नमूद करतो. (अहवाल माझ्याच हातचा आहे.)

सुरुवात केली पाचवीच्या वर्गशिक्षिकेने. या बाईंनी एकदा वर्गात सहज विचारलं, "तुम्ही अगदी एकटे असता, तेव्हा काय करता रे?" शेवटी एक बारकीशी मुलगी उभी राहिली. तिला सगळे मुंगी म्हणत.

"बाई," मुंगी म्हणाली, "असं अजून झालंच नाही."

हे बाईंच्या मनाला फार लागलं. वास्तविक शिक्षकांनी मुलांचं बोलणं मनाला लावून घेऊ नये असे स्पष्ट संकेत आहेत. तरीही त्यांनी 'उघड्यावरचे शिक्षण' या योजनेखाली अनुदान मागितलं. ('उघड्यावर' या शब्दाला आरोग्य खात्याने हरकत घेतल्यामुळे पुढे योजनेचं नाव 'बाह्य शिक्षण' असं झालं.) मागणी अगदी साधी होती. शहराबाहेरच्या सरकारी वनापर्यंत एक बस, आणि तिथे प्रत्येक मुलाने एकेका झाडाखाली अर्धा तास एकटं, गप्प बसायचं. बस. (पहिली बस म्हणजे वाहन, दुसरी म्हणजे एवढंच.)

इतकी साधी मागणी मंजूर करणं कोणत्याही खात्याला शक्य नसतं. आमच्या साहेबांनी ताबडतोब मूलभूत प्रश्न विचारला: एकांतात मुलाला काही झालं तर तिथे कोण असेल?

सबब, प्रत्येक मुलामागे एक निरीक्षक नेमण्यात आला. एकांताला बाधा येऊ नये म्हणून निरीक्षकाने झाडामागे लपून राहायचं होतं. खात्यातलेच कर्मचारी घेतले, कारण साहेब आले की कपाटामागे उभं राहण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. निरीक्षक झोपत नाहीत ना हे पाहायला पर्यवेक्षक आले. एकांतात एखाद्या मुलाला एकटं वाटलं तर त्याची समजूत काढायला समुपदेशक आले. शांतता राखण्याची सूचना देण्यासाठी लाउडस्पीकर आला. आणि 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलेला, साहेबांचा हसरा फोटो असलेला, मांडवाएवढा कापडी फलक आला. मंजूर रकमेपैकी मुलांच्या वाट्याला काय आलं, असं काही नतद्रष्ट लोक विचारतात. झाडं आली. ती फुकट होती, हा काय आमचा दोष?

पालकसभा उत्साहात पार पडली. सर्वांनी योजनेचं तोंडभरून कौतुक केलं. मग एकेक जण बाईंना कोपऱ्यात गाठू लागला. मुंगीचे वडील विमा एजंट होते. माणूस जन्माला आला की त्याचं काय काय होऊ शकतं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

"बाई, माझी काहीच हरकत नाही," ते म्हणाले. "मुलं स्वतंत्र झालीच पाहिजेत. फक्त ती एकटी बसेल तेव्हा तिच्याजवळ कुणी असेल ना?"

"नसेल," बाई म्हणाल्या. (झाडामागचे निरीक्षक गोपनीय होते.)

"हो हो, बरोबर आहे," असं म्हणून ते घरी गेले आणि त्यांनी रजेचा अर्ज टाकला.

ठरलेल्या दिवशी मुलं झाडाखाली बसली. लाउडस्पीकरवरून "शांतता राखा!" अशी गर्जना झाली आणि वनातले सगळे पक्षी एकदम उडून गेले. (पक्षी-निरीक्षणाचं उद्दिष्ट तिथेच पूर्ण झालं.) निरीक्षक झाडांमागे गेले. तर तिथे आधीच आया उभ्या.

"ओ, हे झाड माझं आहे," निरीक्षक कुजबुजला.

"माझी मुलगी त्याच्याखाली आहे. तुमचं कोण आहे?" आई कुजबुजली.

या युक्तिवादाला नियमावलीत उत्तर नव्हतं. निरीक्षक मागच्या झाडाकडे सरकले. तिथे वडील मंडळी होती. एक आजोबा वर्तमानपत्राला दोन भोकं पाडून बसले होते. मुलांना हे सगळे लख्ख दिसत होते, पण गप्प बसण्याचा नियम असल्यामुळे ती बिचारी समोर बघत राहिली.

विमा एजंटांना उशीर झाला होता. एकही झाड मोकळं नव्हतं. तेव्हा मागे लपायला जागा नाही म्हणून ते वर लपले, म्हणजे मुंगीच्याच झाडावर चढले. थोड्या वेळाने मुंगीसमोर धपकन एक बूट पडला.

"बाबा?" मुंगी वर न बघता म्हणाली.

"मी नाही," झाड म्हणालं.

"बूट तुमचा आहे."

"शूऽ! तू एकटी आहेस."

"मग बोलताय कशाला? खाली या."

बराच वेळ नुसती पानं हलली. "येतो की," वरून आवाज आला. "पण चढताना जी फांदी होती ती आता दिसत नाहीये गं."

मुंगी पेचात पडली. बाईंनी बजावलं होतं, कुणीही जागेवरून हललं तर योजना नापास, पुढच्या वर्षी अनुदान नाही. बाईंचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. तेवढ्यात फांदी कडकडली आणि बाबा अहवालात देता येणार नाही असा एक शब्द बोलले. मुंगी ताडकन उठली.

"डावा पाय खाली! तो नाही, दुसरा! बाबा, डावा!"

हे ऐकून सगळं वन उभं राहिलं. झाडाझाडामागून माणसं बाहेर पडली आणि एकमेकांवर ओरडू लागली. शिडी आणा, असं प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलं. समुपदेशकाने वर बघून विचारलं, "तुम्हाला आत्ता नेमकं काय वाटतंय?" विमा एजंटांनी ते सांगितलं.

मुलं मात्र पळत गेली, त्यांनी साहेबांचा फलक दोऱ्या सोडून आणला आणि कडेकडेने घट्ट धरला. "बाबा, सोडा हात!" मुंगी ओरडली. त्यांनी डोळे मिटून सोडला आणि ते बरोबर साहेबांच्या नाकावर पडले. नाकाला भोक पडलं. माणूस शाबूत राहिला. योजनेत जे जे खरेदी झालं, त्यातली प्रत्यक्ष उपयोगी पडलेली ही एकमेव वस्तू.

बाई एका दगडावर बसल्या. मुंगी त्यांच्याजवळ गेली. "बाई, चुकलं माझं. मी हलले."

बाईंनी तिच्या केसांतली पानं काढली. मग त्या उठल्या आणि वर्गात वापरतात त्या आवाजात म्हणाल्या, "मोठी माणसं सगळी बसमध्ये. रांगेत. बोलायचं नाही."

आश्चर्य म्हणजे सगळे गेले. पर्यवेक्षकही गेले. बाई शेवटी चढल्या, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. मुलं पुन्हा आपापल्या झाडाखाली जाऊन बसली.

त्या अर्ध्या तासात मुलांनी काय केलं, हे कुणालाही माहीत नाही. बसच्या काचा आतल्या श्वासांनी धुरकटल्या होत्या. अहवालातला तो रकाना मला कोरा ठेवावा लागला. संध्याकाळी विमा एजंटांनी मुंगीला दहादा विचारलं, "काय केलंस गं?" ती "काही नाही" म्हणाली आणि स्वतःशीच हसली. त्या हसण्यावर कुठलीच पॉलिसी निघत नाही, हे जाणवून ते फार अस्वस्थ झाले.

दुसऱ्याच दिवशी खात्याकडे तक्रार आली. मुलांना निसर्गात चक्क एकटं सोडल्याबद्दल बाईंवर कारवाई व्हावी, अशी मागणी होती. सर्व पालकांच्या सह्या होत्या. बाईंकडून खुलासा मागवला आणि योजना बंद केली. शिल्लक अनुदानातून शाळेच्या मैदानाला उंच भिंत बांधण्याचं ठरलं आहे.

तक्रार द्यायला आलेल्या पालकांना आम्ही चहा पाजला. चहा पिताना सगळेच जुन्या आठवणींत रमले. "आमच्या वेळी असं नव्हतं हो," प्रत्येक जण म्हणत होता. "दिवे लागेपर्यंत उंडारायचो. आईला पत्ताही नसायचा." वाचकहो, हे वाक्य तुम्हीही याच महिन्यात कुणाला तरी ऐकवलं असणार, आणि ऐकवता ऐकवता मोबाईलवर बघितलं असणार, की पोरगं क्लासला पोचलं का. सह्यांच्या कागदावर अजून जागा आहे.