पारिसअण्णांचं तिसरं डिफरेन्शल

रस्त्यावर गाडी वळली की आपण आत कोण बसलंय ते बघतो. आमचे शेजारी पारिसअण्णा मागची चाकं बघतात. शिरोलीत त्यांचं वर्कशॉप, उभा जन्म गाड्यांची डिफरेन्शल खोलण्यात गेला. कोपऱ्यावर कुणीही भेटो, दंडाला धरून सुरू. "वळताना बाहेरचं चाक जास्त पळतंय, आतलं कमी. इंजिन मात्र एकच. मग दोघांचं भांडण कोण मिटवतंय? डिफरेन्शल."

माझ्या लग्नात तर कहर केला. आम्ही होमाभोवती फिरत होतो आणि मांडवातून अण्णांचा आवाज आला, "बाहेरच्या अंगाला हाईस, मोठी पावलं टाक की." भटजी मंत्र विसरले.

गेल्या पावसाळ्यात अण्णांना घेऊन जाताना पेठ वडगावजवळ माझी जीप चिखलात रुतली. मागचं एक चाक नुसतं गरगर फिरतंय, दुसरं कोरड्यावर गप्प उभं. धक्का मारायचं सोडून अण्णा बांधावर मांडी घालून बसले.

"तुझं साधं डिफरेन्शल हाय. लई गरीब स्वभावाचं. जे चाक हलकं फिरतंय त्यालाच फिरवत बसतंय. ट्रॅक्टरला लॉक असतंय. पेडल दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली, चिखलातनं भाईर. पण तसंच सडकेवर वळीवलं तर टायर सोलून निघत्यात. शाणं ते तिसरं. आत क्लच प्लेटा. वळताना मोकळं सोडतंय, घसरलं की धरतंय."

"मग माझ्या जीपला ते का नाही?"

"नशीब लागतंय."

ट्रॅक्टरवाला येऊन ओढेपर्यंत प्रवचन चालूच होतं.

दिवाळीनंतर अण्णांच्या बायकोला, आमच्या काकींना, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय अधू झाला. काकींनी एकच हट्ट धरला, गल्लीतल्या जैन मंदिरात तीन प्रदक्षिणा आपल्या पायांनी घालायच्या. प्रदक्षिणेत डावा पाय बाहेरच्या अंगाला, म्हणजे अधू पायालाच जास्त चाल. अण्णा घाबरले. पहिल्या दिवशी त्यांनी काकींचा दंड असा आवळला की काकी देवासमोरच कडाडल्या, "सोडा की. मी काय चिखलात रुतलेला ट्रॅक्टर हाय व्हय?"

अण्णांचं तोंड एवढंसं झालं. चार दिवस ते कोपऱ्यावर फिरकले नाहीत. मला काही चैन पडेना, म्हणून पाचव्या दिवशी मंदिरात गेलो.

काकी आपल्या पायांनी चालत होत्या. अण्णा त्यांच्या डाव्या बाजूला, हात कोपराखाली, पण चार बोटं लांब. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावर काकींचा पाय लटपटला. हात झटकन वर गेला, कोपर धरलं आणि पाऊल टेकताच सोडून दिलं. काकी तशाच पुढं चालत राहिल्या.

मी हळूच म्हणालो, "अण्णा, तिसरं बसवलं की."

अण्णांनी माझ्याकडं बघितलंच नाही. नजर काकींच्या पावलांवर.

"गप," ते म्हणाले, "अजून एक वळण हाय."