पहिल्या गाडीची किटली

शनिवारी सकाळी विनिफ्रेड एक्रॉइडच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गिअरबॉक्स आडवा पडला होता. त्याच्या बुडातून काळं तेल मांस भाजायच्या मोठ्या ट्रेमध्ये ठिबकत होतं. एरवी जावयानं असा उद्योग केला असता, तर तिनं त्याला ट्रेसकट अंगणात काढलं असतं. पण आज तो ट्रे तिनंच काढून दिला होता. उद्या दहाच्या आत तिला आपली एकोणसाठ सालची हिरवी मॉरिस रस्त्यावर हवी होती, आणि तीही सगळ्यांच्या पुढं.

सगळं त्या किटलीपायी. थॉर्नबेकच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाची दर जूनमध्ये सँडरबीला, समुद्रापर्यंत, पंचेचाळीस मैलांची सहल निघे. तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये चहापाणी असे, आणि चहा ओतायचा मान ज्याची गाडी पहिली पोहोचेल त्याचा. गेली बारा वर्षं हा मान म्युरिएल सटक्लिफच्या राखी रोव्हरनं पळवला होता. विनिफ्रेड पोहोचेपर्यंत म्युरिएल किटलीमागं राणीसारखी बसलेली असे आणि सगळ्यांदेखत विचारी, "तुला साखर किती गं, विनी?" शाळेत सहा वर्षं एका बाकावर बसलेल्या बाईनं हे विचारावं!

विनिफ्रेड काही हळू चालवणारी नव्हती. पण काटा पंचेचाळीसच्या वर गेला की मॉरिस अशी किंचाळायची की रस्त्याकडेची माणसं वळून बघत. आणि सहलीत सावकाश गाड्यांनी आपण होऊन मागं राहायचं, अशी रीत होती. बारा वर्षं ती मागं राहिली. यंदा लेकीच्या नवऱ्यानं, नॉर्मननं, ओव्हरड्राइव्हचं नाव काढलं.

"आई, हा गिअरबॉक्सच्या शेपटाला जोडायचा. बटण दाबलं की इंजिन कमी फिरतं, गाडी मात्र तेवढीच पळते."

"म्हणजे कमी काम करून पळाल्यासारखं दाखवायचं. तुम्हाला बरं लगेच समजलं, जावईबापू."

नॉर्मन हसला. बारीक चणीचा, सरळ माणूस. डाक कचेरीत नोकरी होती आणि रविवारी जुन्या गाड्या खोलायचा नाद. त्यानं खोक्यातून ओव्हरड्राइव्ह काढला. विनिफ्रेडनं तो वीत टेकवून मोजला. पूर्ण वीतभर भरला.

"मग मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला जागा कुठं उरली?"

"तो प्रोपेलर शाफ्ट वीतभर आखूड करायचा."

शाफ्ट आखूड करून आणला, तर गिअरबॉक्स टेकायची आडवी पट्टी मागं सरकवावी लागली. ती सरकवली, तर गाडीच्या तळाचा पत्र्याचा उंचवटा ओव्हरड्राइव्हवर बसेना. तो कापून रुंद केला, तर शेजारच्या सीटचा एक पाय अधांतरी लटकू लागला. त्याखाली विनिफ्रेडनं नवऱ्याच्या माघारी पडून राहिलेलं बागकामाचं पुस्तक सारलं. जाडजूड होतं. "जिवंतपणी कधी उघडलं नाही, आता तरी कामाला आलं."

दुपारी खरी कसोटी आली. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सवर चढवला, सरकत सरकत गेला, आणि बोटभर अंतर राहून अडला. नॉर्मननं पाना उचलला.

"नट आवळले की बसेल जागेवर."

"की मोडेल? ढकलून बसत नाही ते आवळून काय बसणार! आत बघा, काय अडतंय."

आत दातांच्या दोन चकत्या होत्या, एकीचे दात दुसरीच्या दातांसमोर यायला हवे होते. नॉर्मनचा स्क्रूड्रायव्हर आखूड पडला. विनिफ्रेडनं टोपलीतून विणकामाची लांब सुई आणली, डोळा बारीक केला आणि आत घालून एक चकती अलगद फिरवली. खट्! अख्खा ओव्हरड्राइव्ह आपल्या वजनानं जागेवर जाऊन बसला.

"आई!" नॉर्मन टेबलाभोवती नाचलाच. "आई, बसला!"

"बसणारच. मी बसवला." पण तिचेही गाल लाल झाले होते.

शेवटी राहिलं स्पीडोमीटरच्या तारेचं चिमुकलं दातेरी चाक. खोक्यात दोन निघाली, एक काळं, एक पांढरं. सोबतचा माहितीचा कागद तेलानं भिजून लगदा झालेला.

"यातलं एक आपल्या चाकांच्या मापाचं असणार, आई. दुकानाला फोन करून विचारावं लागेल, पण ते सोमवारी उघडतं."

"सोमवारी मला काय किटलीचा फोटो काढायचाय? पांढरं बसवा. काळ्यावर मळ दिसत नाही, आणि मला मळलेलं चालत नाही."

पांढरं बसलं, गिअरबॉक्स गाडीत चढला. संध्याकाळी नॉर्मन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला, आणि तेवढ्यावर परीक्षा झाली.

रविवारी बारा गाड्या रांगेत लागल्या आणि सगळ्यांत पुढं हिरवी मॉरिस उभी होती. म्युरिएलनं खिडकीतून मान काढली. "विनी, रांगेचं शेपूट तिकडं मागं असतं!"

"मागं तूच राहा आज. सवय कर."

गाव संपलं, माळरानावरचा रस्ता लागला. विनिफ्रेडनं चौथा गिअर टाकला, गिअरच्या दांड्यावरचं बटण दाबलं. टक्. आणि इंजिनाची किंचाळी अशी गप्प झाली, जशी तिच्या एका नजरेनं लेकरं गप्प होत. काटा पन्नासवर गेला. पंचावन्न. साठ!

"नॉर्मन! साठ! आणि आवाज बघा, मांजर घोरल्यासारखा!"

"साठच्या पुढं जाते का बघायचं?"

"कायदा साठचा आहे. एक केसभरही वर नाही." आणि तिनं काटा साठवर असा धरून ठेवला, जसा वांड मुलाचा कान धरावा. तिचे डोळे चकाकत होते. ती मोठमोठ्यानं गाऊ लागली, चर्चमधलं भजन, पण दुप्पट चालीत.

नॉर्मनला मात्र काहीतरी खटकत होतं. "आई, मेंढ्यांचे कान दिसतायत."

"मग? त्यांना कान असतात."

"साठच्या वेगात?"

"तुमची नजर चांगली आहे, त्याबद्दल देवाचे आभार माना."

उतारावर एक म्हातारा सायकलवाला शेजारून पुढं निघून गेला. जाताना त्यानं टोपी उचलली.

"आजकालच्या सायकली काय पळतात हो!" विनिफ्रेड कौतुकानं म्हणाली.

मागून म्युरिएलनं दिवे लुकलुकवले. मग तिच्यामागच्या गाडीनं, मग सगळ्यांनी. "बघा, अभिनंदन करतायत!" विनिफ्रेडनं खिडकीतून हात हलवला. दोन्ही बाजूंना दगडी भिंती होत्या, आणि सहलीत क्लबाच्या गाडीला मागं टाकायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, हा नियम तिच्याच नवऱ्यानं केला होता. नॉर्मननं गुपचूप मनगटावरचं घड्याळ मैलाच्या दगडांशी ताडून पाहिलं. एका मैलाला दोन मिनिटं. पुन्हा पाहिलं. दोनच. म्हणजे तीस! त्यानं तोंड उघडलं, सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. त्या चेहऱ्यावर असा उजेड त्यानं आपल्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

साडेअकराला मॉरिस सँडरबीच्या हॉलपुढं उभी राहिली. पहिली! विनिफ्रेड बाह्या सावरत थेट किटलीमागं जाऊन बसली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "यांचं घड्याळ पुढं आहे."

अकरा गाड्यांची माणसं आत शिरली, सगळी भुकेनं हिरमुसलेली. म्युरिएल टेबलाशी येऊन उभी राहिली.

"विनी, किती वेगानं आणलंस गं आम्हाला?"

"साठ. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"माझ्या काट्यावर तीस होते. ह्या सगळ्यांना विचार."

नॉर्मन बुटांच्या नाड्यांकडे बघत बोलला, "आई... ते पांढरं चाक आपल्या मापाचं नव्हतं. काटा दुप्पट दाखवत होता."

विनिफ्रेडचा हात किटलीच्या कानावर थांबला. मग तिनं मान वर केली.

"माझ्या पुढं कुणाची गाडी होती?"

म्युरिएलनं टेबलावरचा एक कप उचलला.

"म्युरिएल, तुला विचारतेय. होती?"

"नव्हती."

"मग कप सरळ धर. सांडवशील."

आणि तिनं ओतायला सुरुवात केली. किटली तीस कपांची होती, लोखंडासारखी जड. एकाला पातळ हवा, एकाला कडक, एकाला अर्धाच, मग तोच अर्ध्यासाठी पुन्हा. किटली रिकामी झाली, भरून आणली, पुन्हा सगळे पहिल्यापासून. मनगट भरून आलं. हॅमची सँडविचं तिच्या डोळ्यांदेखत संपली, केकचा शेवटचा तुकडा कुणीतरी "राहू दे, वाया जाईल" म्हणत उचलला. सगळ्यांना वाढून तिनं स्वतःचा कप पुढं ओढला, तेव्हा त्यावर साय धरली होती.

खिडकीपाशी म्युरिएल बूट काढून, पाय लांब करून बसली होती. तिच्या कपातून वाफ निघत होती.

"बारा वर्षांत आज पहिल्यांदा गरम चहा प्यायले गं, विनी," ती डोळे मिटून म्हणाली. "पुढच्या वर्षीही तूच पुढं राहा. लागेल तेवढी सावकाश चल."

विनिफ्रेडनं आपला थंडगार कप उचलला, म्युरिएलकडे बघितलं आणि त्यावर हळूच फुंकर घातली.