टोपलीएवढं झुंबर

"टोपलीएवढं आहे गं. फार तर मोठ्या टोपलीएवढं," असं म्हणत लाईटमास्तरांनी दोन्ही हातांनी हवेत एक गोल काढला. धाकटीने त्या गोलाकडे पाहिलं, मनातल्या मनात तो हॉलच्या छताला टांगून बघितला आणि म्हणाली, "आणा मग." तिथेच फसली बिचारी.

लाईटमास्तर म्हणजे तिचे यजमान. नाट्यगृहातले दिवे सांभाळण्यात त्यांचा उभा जन्म गेला. आता त्या नाट्यगृहाचं नूतनीकरण निघालं होतं आणि प्रेक्षागृहातलं जुनं झुंबर भंगारात जाणार होतं. व्यवस्थापक म्हणाले, "कुणाला हवं असेल तर घेऊन जा बुवा." मास्तरांचा जीव कळवळला. पण गंमत अशी, की मास्तरांनी ते झुंबर पाहिलं होतं ते कायम खालून. पाच मजले उंच टांगलेली वस्तू जमिनीवरून जेवढी दिसते तेवढीच असते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. झुंबराचे बल्ब बदलणारा गडी वरच्या माळ्यावरून काम करायचा. त्याला खरं माप ठाऊक होतं, पण त्याला कुणी विचारलंच नाही.

धाकटीलाही घाईच झाली होती. रविवारी तिची थोरली बहीण घर बघायला येणार होती. आणि थोरली म्हणजे काही साधीसुधी बहीण नव्हे हं! 'घर सजवताना होणाऱ्या चुका' या विषयावर ती मोबाईलवर व्हिडिओ करायची आणि हजारो लोक ते बघायचे. आता चुका दाखवायच्या म्हटलं की उदाहरण लागतंच. मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या घराचं उदाहरण झालं. गुडघ्यापर्यंत येणारे तोकडे पडदे काय, मान मोडेल इतक्या उंच लावलेल्या तसबिरी काय, सगळं जगाने पाहिलं. तेव्हापासून मामेबहीण भाजी आणायलासुद्धा नवऱ्याला पाठवते.

धाकटीने अर्धं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलं होतं. हे तिचं पहिलं स्वतःचं घर. त्याचं हसं झालेलं तिला सोसलं नसतं. आणि खरं सांगायचं तर तिला त्याहून थोडं जास्त हवं होतं. चित्र असो, भाजी असो की नवरा असो, ताईने तिच्या कुठल्याच गोष्टीला आजवर 'छान' म्हटलं नव्हतं. एकदा तरी म्हणावं, एवढीच इच्छा.

टेंपो आला. धाकटीने गॅलरीतून खाली पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. अख्ख्या टेंपोत एकटं झुंबर बसलं होतं, आणि तेसुद्धा अंग चोरून. माल गड्यांनी परस्पर भरला होता; मास्तर पुढच्या सीटवरून उतरले, मागे आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते जवळून पाहिलं. हातातली पिशवी कधी खाली पडली, त्यांना कळलंही नाही.

"अगं," ते खालून ओरडले, "हे तर भलतंच मोठं निघालं!"

आवाजात अपराधीपणा असावा की नाही? नावाला नव्हता. नुसतं कौतुक!

"परत पाठवा!" धाकटी वरून ओरडली.

"खबरदार," शेजारी उभ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांनी गॅलरीचा कठडा घट्ट धरला होता आणि त्यांचे डोळे टेंपोवरून हलत नव्हते. "ते परत गेलं तर मीही त्याच्याबरोबर जाईन. सांगून ठेवते."

झालं. दारातून ते जाईना, म्हणून गॅलरीचा कठडा काढला. नाट्यगृहातल्या गड्यांनी दोरखंड आणि कप्पी लावून ते वर ओढून घेतलं, तुळईला जाडजूड बोल्ट मारले, एका साखळीवर भरवसा नको म्हणून दोन लावल्या. मध्ये येणारा पंखा उतरवला. गडी घाम पुसत निघून गेले आणि धाकटीने डोळे उघडले. झुंबराचं खालचं टोक तिच्या कमरेला लागत होतं.

"अहो, हॉल कुठे गेला?"

"आहे ना," मास्तर पलीकडून म्हणाले. "हा काय, झुंबराच्या कडेकडेने."

धाकटीने घाईघाईने ताईचे व्हिडिओ लावले. दिवा खाली येत असेल तर त्याखाली टेबल ठेवा, म्हणजे डोकं आपटणार नाही, असं ताईच म्हणत होती. बरोबर आहे! जेवणाचं टेबल झुंबराखाली आलं. त्यासाठी सोफा बेडरूममध्ये गेला. सोफ्यामुळे कपाटाचं दार उघडेना, म्हणून कपाट स्वयंपाकघरात आलं. कपाट आलं म्हणून फ्रीज गॅलरीत गेला. आता चहाला दूध हवं असेल तर भिंतीला पाठ घासत, पोट आत ओढून, खेकड्यासारखं आडवं चालत गॅलरीत जावं लागायचं. जेवताना तर कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

"मीठ द्या जरा," धाकटी म्हणायची.

"कुणाला हवंय?" लोलकांच्या पलीकडून मास्तर विचारायचे.

"आपण तिघंच आहोत ना घरात?"

"हो, पण आवाज चारी बाजूंनी येतोय गं. काय काच आहे बघ!"

संध्याकाळी मास्तरांनी बटण दाबलं मात्र, अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडाला. जिन्यात आरडाओरडा सुरू झाला. बॅटऱ्या घेऊन लोक भांडायला वर आले. सगळ्यांत पुढे शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या एकदा बोलायला लागल्या की समोरच्याला तोंड मिटायचीही सोय नसते.

"काय चाललंय काय तुमचं? ही काही..." एवढं त्या बोलल्या आणि त्यांच्या बॅटरीचा झोत झुंबरावर पडला.

काय सांगावं! छतावर, भिंतींवर, कपाळांवर, शर्टांवर रंगच रंग सांडले. मागच्यांनीही आपापल्या बॅटऱ्या वर केल्या आणि ते रंग हलायला लागले. भांडायला आलेली माणसं चपला दाराशी काढून हळूच आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. बऱ्याच वेळाने त्या एवढंच म्हणाल्या, "फ्यूजचं बघू सावकाश. घाई नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कमी विजेचे बारीक बल्ब बसवले आणि उजेड हळूहळू वाढवायचं यंत्र कोपऱ्यात जोडलं. येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता सुरू झाला. इस्त्रीवाला कपडे द्यायला म्हणून यायचा आणि कपडे न देताच परत जायचा. धाकटीलाही भांडी घासता घासता दाराशी येऊन उभं राहायची खोड लागली होती, पण ती कबूल करायला तयार नव्हती.

"लोकांचं सोडा हो! उद्या ताई येतेय," ती शनिवारी म्हणाली. "तिने एवढ्याशा हॉलमध्ये हे असलं बघितलं तर आपण संपलो. उतरवा ते."

"गडी दौऱ्यावर गेलेत नाटकाबरोबर. मी एकट्याने कसं उतरवू?"

मग काय करणार! घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या पांढऱ्या चादरी काढून तिने झुंबर झाकून टाकलं.

रविवारी दिवस कलताना थोरली आली, हातात मोबाईल, खांद्याला पर्स. दारातच थबकली.

"हे काय गं? हत्ती पाळलायस?"

"रंगकाम काढलंय ताई," धाकटीने ठोकून दिलं. "सामान झाकलंय."

"छताला टांगून?"

धाकटीची पाचावर धारण बसली. थोरलीने मोबाईल समोर धरला आणि तिचा तो गोड आवाज सुरू झाला. "तर मंडळी, आज आपण आलोय माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी. चूक पहिली, चालायला वाट नाही. चूक दुसरी, फ्रीज गॅलरीत. चूक तिसरी..."

सख्ख्या बहिणीच्या! धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता कोपऱ्यात उभे होते मास्तर. समोर माणसं आलेली, खोलीत शांतता आणि हाताशी यंत्र. इतक्या वर्षांची सवय हो, हात कसा गप्प बसणार? त्यांनी खटका अलगद वर सरकवला. चादरींच्या आतून पिवळसर उजेड पाझरायला लागला. थोरली बोलायची थांबली.

"काढू का गं?" सासूबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चादर ओढली.

सगळ्या चादरी एकामागून एक खाली आल्या. थोरलीने मोबाईल वर धरला. तो उजवीकडे नेला, डावीकडे नेला, भिंतीला टेकून धरला. झुंबर काही त्यात मावेना. शेवटी ती पर्ससकट जमिनीवर बसली. तेवढ्याने भागेना म्हणून टेबल पायाने बाजूला ढकलून चक्क आडवी झाली. कडक इस्त्रीच्या कपड्यांत, फरशीवर! धाकटी घाबरून तिच्याजवळ बसली, मग वर काय दिसतंय ते बघायला तीही आडवी झाली. खालून तिने ते आजवर पाहिलंच नव्हतं. उजेड लोलकांमधून थेंबाथेंबाने उतरत होता आणि दोघींच्या अंगावर पडत होता. तिला हुंदकाच आला.

"ताई, किती चुका?" तिने हळूच विचारलं.

"सगळ्या," थोरली झुंबरावरची नजर न काढता म्हणाली. "मला माहीत आहेत तेवढ्या सगळ्या. एक म्हणून सुटलेली नाही."

"मग दाखवणार असशील ना आता हजारो लोकांना."

थोरलीने मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला. "खुळी आहेस का?" ती कुजबुजली. "हे एकदा दाखवलं की अर्धं शहर इथे येऊन आडवं पडेल. मग मी कुठे पडू?"

धाकटी थोडी सरकली आणि तिने थोरलीला नीट पाय पसरायला जागा करून दिली.