शिमोनभाऊंचा चालता वर्ग

दर रविवारी दुपारी तीनच्या सुमारास मूल गावच्या बाजाररस्त्यावरून एक गुंडाळलेली चटई चालत जायची. चटईखाली शिमोनभाऊ असायचे. त्यांच्यामागं सहा-सात माणसं, धानाच्या बांधावरून चालल्यासारखी, एकामागं एक. बांगड्यांच्या दुकानातून रहीमचाचा ओरडायचे, "क्यों शिमोनभाऊ, आज कौन भागा?"

डोक्यावरची चटई हलू नये म्हणून मान न वळवता भाऊ म्हणायचे, "भागला नाई चाचा, चुकला. आनाले चाललो."

हा आमच्या चर्चच्या मंडळीचा प्रौढ वर्ग. मोठ्या माणसांची आत्मिक वाढ व्हावी म्हणून पाळकसाहेबांनी तो सुरू केला आणि शिमोनभाऊंच्या हाती दिला. चर्चच्या दारावर सूचना होती: स्थळ चर्च, वेळ तीन. पण भाऊंचा एकच नियम होता. "येक जरी नाई आला त वर्ग त्याच्या घरी जाते." आणि ज्या वर्गात लूकस गाडीवान आहे, तिथं दर रविवारी एकजण कमी असणारच. चर्चमध्ये हा वर्ग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसलेला मी पाहिलेला नाही.

मी तेव्हा नुकताच नागपूरहून परतलो होतो. ट्रंकेत कपडे थोडे, पत्रकं फार. साक्षरतेची, दारूबंदीची, स्वच्छतेची. स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाली तरी माणसं अंगठा उठवतात, याचा मला संताप होता, अजून आहे. मी चर्चच्या कमेटीकडून त्या वर्गातला अर्धा तास अक्षरओळखीसाठी मागून घेतला आणि पहिल्याच रविवारी फळा घेऊन गेलो. चर्चमध्ये कोणी नव्हतं. रहीमचाचांनी बोट दाखवलं, "उधर गये, मास्टर. तळ्याच्या अंगानं." मी फळा खांद्यावर मारून वर्गाच्या मागं धावलो. पुढं ती सवयच झाली.

शिमोनभाऊ तांदळाच्या गिरणीत उकड्याच्या हौदावर होते. धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं, मग कांडायचं. शास्त्राचंही ते तसंच करायचे. एक गोष्ट घेतली की ती महिनोन्‌महिने हौदात. कोणी अर्थ विचारला की डोळे मिटून म्हणत, "भिजू द्या जी, भिजू द्या." त्या साली बायबलातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट चालू होती: शंभरांतलं एक चुकतं आणि मेंढपाळ बाकीची सोडून त्याला शोधायला जातो. दिवाळी झाली, नाताळ झाला, मेंढरू सापडलं नव्हतं.

एकदा लूकस आला नाही. वर्ग त्याच्या अंगणात गेला. घरात सामसूम. पण धान साठवायच्या ढोलीमागून दोन पाय दिसत होते आणि मोहाच्या दारूचा वास येत होता. भाऊंनी त्या पायांकडे पाहिलंच नाही. चटई अंथरली आणि गोष्ट पुढं सुरू केली.

दवाखान्यात आया असलेल्या मार्थाबाईंना कधीची एक शंका होती. "पन भाऊ, त्यानं येकासाठी नव्व्याण्णव मेंढरं रानात कोनाच्या भरोशावर सोडले जी? आमच्या इकडं बिबट राती दोन-दोन बकऱ्या नेते."

वर्ग गंभीर झाला. जंगलातली माणसं, त्यांना हा प्रश्न खरा होता. कोणी म्हणालं कुंपण असेल. कोणी म्हणालं जाळ केला असेल. एवढ्यात ढोलीमागून आवाज आला, "कुत्रा असन ना त्याच्यापाशी!"

माझ्या खिशात दारूबंदीचं पत्रक तयार होतं. मी उठलो. "भाऊ, आधी त्याला विचारा, प्यालास काऊन म्हणून!"

"इचारू मंग," भाऊ म्हणाले. "आधी कुत्र्याचं पाहू. कोन्या रंगाचा होता रे, लूकस?"

मग लूकस बाहेर आला, चटईच्या कडेला बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "काळा. गळ्यापाशी पांढरा." त्यानंतर तो शेवटपर्यंत बसला. माझं पत्रक खिशातच राहिलं, अक्षरओळखही राहिली. 'क' लिहून आणलेला फळा मी तसाच परत नेला.

खरं सांगतो, त्या चालण्यात काहीतरी होतं. माघातल्या दुपारी कापलेल्या धानाच्या बांध्यांवर ऊन पिवळं पडून असायचं. गिरणीची वाफ गावावर तरंगत यायची आणि सगळ्या मुलुखाला भिजल्या धानाचा वास लागायचा. तळ्याच्या पाळीवरून जाताना पुढची चटई, मधली माणसं आणि शेवटचा माझा फळा पाण्यात उलटे चालत. कधीकधी आपण कोणाला शोधायला निघालोय हेच मी विसरून जाई. एकदा तर फळ्यावरचा 'क' माझ्या सदऱ्यावर उतरला आणि तो मला घरी आल्यावर दिसला.

पण भुलणारा मी नव्हे. मी कमेटीला सात मुद्द्यांचं पत्र लिहिलं. वर्षभरात एक गोष्ट संपत नाही, एक माणूस सही शिकत नाही, आणि दारुड्याच्या अंगणात कुत्र्याचा रंग ठरवला जातो, याला वाढ म्हणायचं काय? कमेटीनं चौकशी लावली. मार्थाबाईंना विचारलं, "वर्षभर काय शिकलात?"

"रस्ते, जी," मार्थाबाई म्हणाल्या. "सगळ्याइच्या घरचे."

कमेटी हसली, पण ठराव माझ्या मनासारखा झाला. येत्या रविवारपासून वर्ग चर्चमध्येच बसेल, मी शिकवीन, सव्वातीनला दार बंद होईल, आणि तीनदा न येणाऱ्याचं नाव काटलं जाईल. ठरावाचा कागद शिमोनभाऊंना नेऊन देण्याचं काम मी आपणहून घेतलं. जे करायचं ते तोंडावर, हा माझा बाणा.

शनिवारी दुपारी गिरणीमागचं त्यांचं घर शोधत गेलो. शोधावंच लागलं. अख्खं मूल गाव या माणसाबरोबर पालथं घातलं होतं, पण हे घर पाहिलं नव्हतं.

दार उघडं होतं. आतली जमीन नुकती सारवलेली. कोपऱ्यात पाण्याचा घासलेला पितळी गुंड, त्याच्यावर सात पेले उपडे. सुपात मुरमुरे, बाजूला गुळाचा खडा. शिमोनभाऊ हात धूत होते, कोपरापर्यंत शेण.

"पाहुणे येणार का भाऊ?"

"नाई जी. उद्या रविवार हाय ना."

"रविवारी तर तुम्ही घरी नसता."

"तेच त हाय," ते म्हणाले आणि लाजल्यासारखे हसले. "माही बाई होती तवा ते सारवत होती. आता मी. येखाद्या रविवारी मी नाई जाऊ शकलो त लोकं येतीन ना इथी? तयारी पायजे. पन मी चुकतच नाई, मास्तर! चौदा वर्सं झाले. ताप बी सोमवारीच येते मले."

"मग बोलवा ना सगळ्यांना!"

"बलावलं त कोनीबी येते जी."

"नाहीतर एखाद्या रविवारी जाऊच नका."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना दारू प्यायला सांगितलं होतं. "खोटंच हरवू?"

आता कागद देणं भाग होतं. ते ओळीखाली बोट धरून वाचत गेले. एके ठिकाणी बोट थांबलं. "लूकसचं नाव काटन?"

"नियम आहे," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

"हं." त्यांनी कागदाची घडी केली. "बरं झालं. मार्थाबाईचे गुडघे लई दुखून राह्यले होते."

मी म्हणालो, "द्या तो कागद. मी पुन्हा कमेटीशी बोलतो."

"काऊन जी? सह्या हायेत त्याच्यावर." त्यांनी तो खिशात ठेवला. मग गुंडावरचा एक पेला सुलटा केला, पाणी ओतलं आणि माझ्यापुढं धरला. "आले त बसा ना."

तेव्हा मला दिसलं. दारापासून माझ्यापर्यंत ओल्या सारवणात माझ्या जोड्यांचे ठसे उमटले होते, स्पष्ट, एकामागं एक.

"भाऊ, सारवण खराब केलं मी."

ते त्या ठशांकडे पाहत राहिले.

"राहू द्या जी," म्हणाले.