बारवेतल्या बाईची तहान

सोसायटीच्या बारवेवर धुळाप्पा राखणदार होता, पण दोन वर्षांत त्याला कुणावर ओरडायची म्हणून वेळ आली नव्हती. सगळा मुलूख पाण्यापायी वणवण करत होता, गावात तीन दिवसांआड टँकर येत होता, आणि वरून अकराव्या पायरीपर्यंत पाणी असलेल्या या बारवेकडं कुणी चिटपाखरू फिरकत नव्हतं. धुळाप्पा पटका उशाला घेऊन बिनघोर पडलेला असे.

ही सगळी कृपा एका पिक्चरची. दोन वर्षांमागं शांतलिंगची तंबू टॉकीज गावात आली होती आणि तिनं 'बारवेतली बाई' दाखवला होता. पांढऱ्या लुगड्यातली, ओल्या केसांची बाई पायऱ्या चढून वर येते. आधी पाण्यातून नुसता तिचा हात निघतो. तो हात निघाला तेव्हा पैलवान बंडप्पा सुटलं धोतर सावरत एका उडीत बायकांच्या बाजूला जाऊन बसला होता, आणि हसण्याचं भान कुणालाच नव्हतं. त्या दिवसापासून गावानं बारवेचं नाव टाकलं.

पण औंदाच्या उन्हाळ्यात बारवेबरोबर भीतीही आटायला लागली. एक-दोन घागरी काठाशी घुटमळताना दिसल्या. चेअरमन आबारावांनी धुळाप्पाला बोलावून घेतलं. पाणी सोसायटीच्या बेण्याच्या उसासाठी राखलेलं होतं.

"धुळाप्पा, पानी अकराव्या पायरीवर हाय. चोरीनं बाराव्या पायरीवर गेलं, तर दुसऱ्या दिवशी तू कामावर यायचं न्हाय."

धुळाप्पा मान डोलवत बाहेर पडला. अशा दुष्काळात दुसरं काम कुठलं? तेवढ्यात देवच पावल्यासारखा शांतलिंग पुन्हा गावात उतरला. या खेपेला त्याच्याकडं त्याच बाईचा दुसरा पिक्चर होता. धुळाप्पानं स्वतः आबारावांकडून तंबूला जागा मिळवून दिली. "चेरमनसाब, पैल्या पिक्चरनं दोन वर्सं निभावली. ह्यो तर नवाकोरा. दहा वर्सं मरण न्हाय!"

तंबू भरला. पडद्यावर हिरव्या बांगड्या भरलेली नवरी आली.

"आरं, ही तर मेली हुती की!" बंडप्पा ओरडला.

"ही आधीची गोष्ट हाय!" शांतलिंगनं खुलासा केला. "ती मरायच्या आधीची!"

"मग आधी का न्हाय दावली?"

"कारण ती नंतर काढली!"

"म्हंजी आमी तिच्या बाराव्याचं जेवून बसलो, आन् आता लग्नात अक्षता टाकायच्या व्हय?"

अक्षता पडल्या. मग सासू आली. ती रांजणाला झाकण घालून वर बसायची, आणि भर वैशाखात सुनेला पाण्याला धाडून घोटभरसुद्धा पिऊ द्यायची नाही. धुळाप्पा डोळे ताणून हाताची वाट बघत होता. हात काही निघेना. शेवटी तहानेनं भोवळ येऊन ती पोर घागर काठावर ठेवून बारवेत पडली, आणि पिक्चर संपला.

"पैल्याची सर न्हाय ह्याला," बंडप्पा बाहेर येत म्हणाला. त्याचं धोतर या खेपेला जागच्या जागी होतं, तेवढ्यावरून त्यानं निकाल दिला होता. बायकांच्या बाजूला मात्र पदर पिळायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळाप्पाला जाग आली ती बांगड्यांच्या आवाजानं. वीस-पंचवीस बाया बारवेकडं येत होत्या, आणि सगळ्यांच्या पुढं त्याची स्वतःची बायको, गजराबाई.

"मागं सरा!" तो ओरडला. "भूत हाय हितं!"

"आवं, भूत काय म्हन्ता? सासुरवाशीण हाय ती!" गजराबाईनं खण-नारळानं बारवेच्या काठावर ओटी भरली आणि हातातला तांब्या पाण्यात रिता केला. "पी गं बाई. तहानेली गेलीस."

मागून प्रत्येकीनं तांब्या ओतला. नेत नाहीत, उलट घालतात! धुळाप्पाला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. चार दिवसांत तेरखेड्यापासून बाया गाड्या जोडून आल्या. टँकरचं पाणी घरी कमी आणि बारवेत जास्त जाऊ लागलं. खोटं वाटेल, पण आठ दिवसांत पाणी नवव्या पायरीला लागलं, आणि आबारावांनी चारचौघांत धुळाप्पाची पाठ थोपटली.

नवव्या दिवशी टँकरची पाहणी करणारे साहेब आले. त्यांनी बारवेत डोकावून बघितलं, पायऱ्या मोजल्या आणि वहीतला मागचा आकडा ताडून पाहिला.

"भर उन्हाळ्यात इथलं पाणी वाढतंय? मग टँकर कशाला? उद्यापासून बंद. गावानं ह्या बारवेचंच प्यायचं."

साहेबांपुढं आबारावांचं काही चाललं नाही. बारव गावाला खुली झाली, पण घागर घेऊन एकही बाई येईना. तहानलेल्या बाईच्या तोंडचं पाणी कोण काढणार? पुरुष तर पहिल्या पिक्चरपासूनच लांब होते. तिसऱ्या दिवशी गावाच्या जिभा टाळूला चिकटल्या, तेव्हा आबाराव धुळाप्पावर कडाडले, "ह्यो पिक्चर तूच आनलास! सांजच्या आत बायांनी पानी न्हाय भरलं, तर तुझी राखण सुटली!"

पाणी भरू नका म्हणून पोट भरणारा धुळाप्पा दारोदार पाणी भरा म्हणून विनवत फिरू लागला. शेवटी त्यानं देवळापुढं बायांना गोळा केलं.

"आगं, जरा इचार करा. पैल्या पिक्चरात ती बया नरड्यापातूर पान्यात बसलेली. तिला तहान ऱ्हाईल का?"

बाया विचारात पडल्या. गजराबाई म्हणाली, "मग हात कशाला वर करती ती?"

"वडून न्यायला!"

"आख्ख्या पिक्चरात वडलं का तिनं कुनाला? एकाला तरी?"

सगळे आठवू लागले. कुणालाच नाही. माणसं आपणहूनच पळाली होती.

"घागर मागत हुती ती!" गजराबाई उठून उभी राहिली. "सासूनं पान्याला धाडली, घागर ऱ्हायली काठावर. रिकाम्या हातानं घरला कशी जाईल बिचारी? चला गं, तिला घागरी द्या!"

तासाभरात बारवेवर रांग लागली. पहिली घागर भरून वर आली तेव्हा ती भरणारी सीताबाई पाण्याकडं बघून म्हणाली, "झालं गं बाई तुझं काम. जा आता घरला."

सांजच्याला आबाराव येऊन रांग बघून गेले. धुळाप्पा पुन्हा पटका उशाला घेऊन पडला. दुसऱ्या दिवशी सोसायटीची बैठक बसली. बाया नेमक्या कुणाच्या सांगण्यावरून आल्या, एवढाच प्रश्न निघाला, आणि राखणदार बदलण्याचा ठराव एकमतानं पास झाला.

आता गजराबाई बारवेच्या वरच्या पायरीवर बसते. धुळाप्पा दोन घागरी घेऊन येतो आणि बायकोशी नजरानजर करून हळूच पुढं सरकतो.

"आवं, रांग तिकडनं हाय."

"आगं, म्या हाय."

"व्हय, दिसतंय की. सीताबाईच्या मागं हुबं ऱ्हावा."