मांस पारखणारा बाळाराम

बाळाराम कुणाला नमस्कार करत नसे. समोरच्याचा दंड पकडून दाबायचा आणि म्हणायचा, "हाताला काय लागत नाय." आमच्या हेंद्रेपाड्यात नवा जावई आला की लोक त्याला बाळारामच्या दारावरून नेत नसत. एका नवरदेवाला तर त्यानं मांडवातच दाबून पाहिलं आणि मुलीच्या बापाला सांगितलं, "नुसती चरबी हाय. चालवा याला."

धंदा बकऱ्यांचा. वांगणीकडच्या पाड्यांवरून घ्यायच्या, उल्हासनगरला कॅम्प दोनच्या मटणवाल्यांना विकायच्या. बकरी घेताना तिच्या कमरेवर पंजा ठेवून डोळे मिटायचा. तीच सवय माणसांवर उतरली. तिथला सिंधी कापडवाला ओरडायचा, "अरे बालाराम, इन्सान को तो छोड!" हा म्हणायचा, "शेठ, तुमच्यात पन चरबीच हाय."

घरात एकटा. बायको लवकर गेलेली, तिच्याबद्दल बोलायचा नाही. अंबरनाथच्या कारखान्यातून सुटलो की मी त्याच्या ओट्यावर बसायचो. माझी शाळा चौथीपर्यंत, त्याची तेवढीही नाही. पटायचं.

नव्वद साल उलटल्यावर माझी बायको सुमन आजारी पडली. मानेत गाठी, काखेत गाठी. लिम्फोमा म्हणाले, म्हणजे गाठींचा कॅन्सर. औषधांनी गाठी जिरल्या, परत आल्या. मग मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक उपाय आहे. हिच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढून ठेवायच्या, जहाल औषधानं रोग जाळायचा आणि पेशी परत अंगात सोडायच्या. पण त्यांनी सुमनच्या मांड्या पाहिल्या आणि थांबल्या. "वजन दिसतंय, पण ती सूज आणि चरबी आहे. मांस झडलंय. आत्ता औषध दिलं तर झेपणार नाही. दोन महिन्यांत ताकद आणा."

मी हे सांगितलं तसा बाळाराम ओट्यावरून उठलाच. "बाईला कळतंय," म्हणाला.

दुसऱ्या सकाळी दारात हजर. "वयनी, चला." पुढे हा, मागे ती, नदीपर्यंत. ती दमून बसली की हाही दहा हात लांब बसायचा.

"भावजी, मी काय तुमची बकरी आहे?"

"बकरी असती तं एवढ्यात ऐकली असती."

सुमन हसायची. त्या दिवसांत माझ्यासमोर ती रडली, हसली ती त्याच्यासमोर.

डॉक्टरीणबाईंना विचारून तो पायाचं सूप करायचा, अंडी उकडून आणायचा. पण परक्या बाईला हात कसा लावणार? मग त्यानं मला शिकवलं. आपली बकरी धरून माझा पंजा तिच्या कमरेवर ठेवला. "चरबी सरकते. मांस थांबतं. कळलं?" मी घरात सुमनचा दंड दाबायचो आणि हा अंगणातून ओरडायचा, "दादा, लागलं का काय?" सगळी आळी ऐकायची. सुमन लाजेनं पदर तोंडात कोंबायची.

एके दिवशी खरंच हाताला मांस लागलं. मी खिडकीतून सांगितलं. बाळारामनं चपला घातल्या आणि निघून गेला.

डॉक्टरीणबाईंनी तपासून तिला भरती करून घेतलं. जंतू लागू नयेत म्हणून काचेची खोली. बाहेरचं अन्न आत जात नसे, हे माहीत असूनही बाळाराम रोज सुपाचा डबा घेऊन यायचा आणि फाटकाबाहेर बसायचा. वॉचमन हाकलायला आला की त्याचाच दंड दाबायचा.

औषध सुमननं सोसलं. पेशी परत सोडल्या. पण नवं रक्त धरायच्या आत ताप चढला, छातीत उतरला, आणि ती गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताकद आणली होती म्हणून इतकं तरी सोसलं. मला त्या वेळी त्यांचा रागच आला.

मी खाली आलो. बाळाराम उठून उभा राहिला.

"वयनी जेवली?"

"सकाळी दोन चमचे पेज घेतली." खरंच घेतली होती. मग पुढचं सांगितलं.

तो तिथंच बसला. म्हणाला, "आमची गेली तवा मी बाजारात होतो. उपाशी गेली. तिला भरवायला घरात कोन नव्हतं."

मग डब्याचं झाकण काढून त्यानं डबा माझ्याकडे सरकवला. "दादा, तू पी. तुझ्या पोटात काय नसंल."

मी प्यालो. त्यात मीठ नव्हतं. सुजेला मीठ वाईट, हे त्याच्या लक्षात होतं.