हिरव्या गाडीवरचा चिकटा

दुपारी दोनच्या सुमारास बेळगावहून मुलाचा, जिनेंद्रचा, फोन आला, तेव्हा त्रिशलाक्का लाडवांची पूर्वतयारी तपासून ओसरीवर येऊन बसल्या होत्या.

"आक्का, आप्पांची पट्टी काढली. मोतीबिंदू साफ गेलाय. डॉक्टरांच्या कोटावरचा शाईचा ठिपका आप्पांनीच दाखवला त्यास्नी."

"मग घेऊन ये."

"निघालोच. पर एकच धोशा लावलाय. घरात पाऊल टाकलं की पयली हिरवी गाडी बघणार म्हणायलेत."

हिरवी गाडी म्हणजे चावीवर चालणारे पत्र्याचे इंजिन आणि त्याचे तीन डबे. निपाणीला रेल्वे नाही, याचे शल्य बाळगणाऱ्या आक्कांच्या यजमानांनी, कुंथुनाथ आप्पांनी, ती तरुणपणी बेळगावच्या कॅम्पातल्या एका बदली झालेल्या साहेबाकडून विकत घेतली होती आणि तिच्या स्टेशनाच्या पाटीवर स्वहस्ते 'निपाणी' असे रंगवले होते. तीस वर्षांपूर्वी घराची फरशी बदलताना त्रिशलाक्कांनी तिची बांधाबांध केली. डब्यांची इवलीशी दारे उघडू नयेत म्हणून प्रत्येक डब्याला खाकी चिकटपट्टीचे दोन-दोन वेढे दिले. वस्तू सांभाळावी कशी, हे तेव्हापासून त्या साऱ्या घराला शिकवीत आल्या होत्या.

त्यांनी पेटी उघडली. चिकटपट्टी हात लावताच सुकल्या सालपटासारखी गळून पडली. मात्र तिचा चिकटा काकवीच्या रंगाचा होऊन हिरव्या पत्र्यावर बसून राहिला होता.

"आप्पांचा डोळा आठवड्यानं उघडला असता तर बरं झालं असतं," सून प्रियदर्शनी म्हणाली.

"तोंड आवर आणि उपाय सांग."

प्रियदर्शनीने नखांचा रंग काढायची बाटली आणली.

"पयलं पोटाला लाव," आक्कांनी बजावले. "तोंडाचं नंतर बघू."

इंजिन उलटे करून पोटावर थेंबभर लावताच कापूस हिरवागार झाला आणि चिंचोक्याएवढा पत्रा उघडा पडला.

"रंग काढून डाग घालवायचा असला, तर कानसच आण की गं," आक्का शांतपणे म्हणाल्या. "फणसाचा चीक कशानं जातोय?"

"खोबरेलानं."

"मग? आण. आणि नखं लांब ठेव. खरवडायचं न्हाय, थांबायचं."

खोबरेलाचीही आधी पोटावर परीक्षा झाली. रंग जागचा हलला नाही. मग चिकट्यावर तेलाचे बोट फिरवून दोघी वीस मिनिटे डब्यांसमोर बसून राहिल्या. नंतर जुन्या धोतराचा मऊ तुकडा फिरवला, तशी चिकट्याची सुरळी होऊन हातात आली. खाली सोनेरी रंगाची बारीक रेघ होती, तीस वर्षांपूर्वी होती तशीच. आक्कांचा हात थबकला. कोणा कारागिराने एका श्वासात ओढली असावी, अशी ती रेघ होती.

"हत्तरगी आली," फोनवर जिनेंद्र म्हणाला. "आप्पा वाटेवरच्या पाट्या वाचून दाखवायलेत. एकबी सोडंनात."

दोन डबे स्वच्छ झाले. पण तेलाचा तवंग दारांच्या फटीत उरला.

"बेसन आण. अंगाचं तेल निघतंय, तर गाडीचं निघंल. चोळायचं न्हाय, नुसतं टिपायचं."

प्रियदर्शनीने डबा आणला आणि आक्कांनी सढळ हाताने बेसन भुरभुरले. ते खिडक्यांतून आत गेले, आसनांवर बसले. मग खोलीत खमंग वास दरवळू लागला.

"हे कुठलं गं?"

"वरच्या फळीवरचं."

"ते लाडवाचं. साखर घातलेलं."

"तुमी म्हणालासा बेसन आण. भाजलेलं का कच्चं, हे इचारायची सोय हाय व्हय ह्या घरात?"

आक्कांची नजर खाली गेली. उंबऱ्यापासून टेबलाच्या पायापर्यंत एक काळी रेघ सरकत होती. पाहता पाहता दोन्ही डबे मुंग्यांनी भरले.

तेलकट फडक्याने टिपावे, तर मुंग्या चिकटून मरतील. पाणी ओतावे, तर बुडतील. फुंकर घातली, तर त्या अधिकच आत शिरल्या. पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून पिणाऱ्या त्या जैन घरात चौथा उपाय, मुंग्या मारायच्या पावडरीचा, कोणी उच्चारणेही शक्य नव्हते.

"संकेश्वर सोडलं," फोनवर पुन्हा जिनेंद्र.

"सावकाश ये रं."

"आप्पा म्हणायलेत, जोरात चालव."

त्रिशलाक्का उठल्या. त्यांनी जमिनीवर रूळ जोडले, स्टेशन मांडले, फलाटावर गुळाचा खडा ठेवला.

"हलवलं की भायेर येतील. आणि उतरायचंच हाय, तर स्टेशनात उतरतील."

"चालंल व्हय ती, आक्का? तीस वर्सं झाली."

आक्कांनी चावी दिली. इंजिन एकदा खाकरले आणि निघाले. एक फेरी झाली, दुसरी झाली. वर्षानुवर्षे रिकामी धावलेली ती गाडी आज खच्चून भरून धावत होती. फलाटापाशी आक्कांनी ती हाताने थांबवली, दोन्ही डब्यांची दारे नखाने अलगद उघडली. क्षणभर काहीच घडले नाही. मग एक मुंगी दारात आली, मिशा हलवून तिने अंदाज घेतला, खाली उतरली. मागून दुसरी, तिच्यामागून साऱ्या, ओळीने.

"आक्का," प्रियदर्शनी कुजबुजली, "ढकलाढकली न्हाय बघा."

दोघींना जीप थांबलेली कळलीच नाही. काळा चष्मा लावलेले आप्पा दारात उभे होते, मागे जिनेंद्र. त्यांनी चष्मा काढला, हळूच गुडघे टेकले आणि नव्या डोळ्याने गाडी न्याहाळू लागले. दृष्टी फिरत फिरत तिसऱ्या डब्यावर आली. तो तसाच राहिला होता, काकवीच्या रंगाचा.

त्रिशलाक्कांनी पदर सावरला. बावन्न वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांना कधी लागले नव्हते.

"अहो, चिकटपट्टी मी लावलेली. चूक माझी हाय."

आप्पांनी मान वर केली नाही. फक्त हात वर केला.

"गप गं जरा. एक म्हातारी मागं राहिलीया."

दुसऱ्या डब्याच्या दारात एक मुंगी अजून घुटमळत होती. चौघेही श्वास रोखून तिच्याकडे पाहत राहिले. आणि ती उतरेपर्यंत त्या घरात कोणीही कोणाला हुकूम दिला नाही.